अकरा तारीख

आमच्या हॉटेलातून माणूस जायचा तो अकरा तारखेला. पगार दहाला व्हायचा. दहाच्या रात्री नोटा मोजून खिशात जायच्या, बाराच्या पुढं शटर पडायचं, आणि अकराला सकाळी पोह्यांची कढई चढायच्या आधी कुणीतरी गल्ल्यापाशी येऊन हळूच सांगायचं, "वहिनी, पाटण पिशवी घेऊन गेला."

पाटण म्हणजे पाटणचा पोरगा. आमच्याकडं माणसांना गावाच्या नावानं हाक मारायची रीत आहे, ती आण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी पाडली. दहिवडी, म्हसवड, मेढा, पाटण. अर्ध्या जिल्ह्याचा एसटीचा बोर्ड आमच्या हॉटेलात पाणी वाढत फिरत असतो. तंदूरवर बहुतेक वेळा उत्तरेकडचा कुणीतरी. त्याच्या गावाचं नाव आण्णांच्या जिभेवर बसत नाही, म्हणून तो नुसताच 'तंदूर'. खरं नाव पाठ होईपर्यंत माणूस टिकतोय कुठं, असं आण्णा म्हणायचे. लग्नानंतर बरीच वर्षं मला त्यावर हसू यायचं.

पिशवी घेऊन गेलेला कुठं गेला, हे विचारावं लागायचं नाही. साताऱ्याला लिंब खिंडीपासून शेंद्र्यापर्यंत हायवेच्या दोन्ही अंगांना हॉटेलांची रांग आहे. मिसळ, अख्खा मसूर, मटण थाळी, शुद्ध शाकाहारी, फॅमिली रूम, ज्याला जे पाहिजे ते. दोन दिवसांनी पाटण पलीकडच्या लेनच्या हॉटेलात टेबल पुसताना दिसायचा. नजरानजर झाली की तो मान खाली घालायचा. कधी कधी मीच घालायचे.

दहा तारीख का, हे मी नवी नवरी असताना एकदा विचारलं होतं. माझं माहेर मास्तरांचं. वडील रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत. आमच्या घरात पगार, वेतनवाढ आणि महागाई भत्त्याचा हप्ता हे शब्द सणावारांसारखे यायचे. कुठला कधी येणार ते आधीपासून ठाऊक. आण्णा म्हणाले, "दहा दिवस दाबून ठेवायचे असतात गं. नाहीतर एक तारखेलाच पळतील." म्हणजे महिना संपला तरी आणखी दहा दिवसांची मजुरी कायम मालकाकडं अडकलेली. गेलास तर ते दहा दिवस पाण्यात. हे शहाणपण हायवेवरच्या बहुतेक गल्ल्यांना पाठ आहे. १९३६ चा वेतन अदायगीचा कायदा लहान ठिकाणांना सात तारीख सांगत होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेली वेतन संहिताही सातच सांगते, आणि काम सोडलेल्याचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करा म्हणते. आमच्या वहीत असं कुठलं पान नव्हतं.

आणि तरी पोरं जायचीच. दहा दिवसांची कमाई सोडून जायची. तेरा तेरा तास पायांवर उभा राहणारा माणूस दहा दिवसांच्या पैशांवर पाणी सोडून जातो, म्हणजे तो केवढा विटला असेल! आम्ही त्यातून वाचलं ते एवढंच, की चला, दहा दिवसांचा पगार वाचला.

माझं या सगळ्याकडं लक्ष गेलं ते २०२० च्या ऑक्टोबरात. मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हॉटेलात चौदा माणसं होती. एप्रिलचा अर्धा पगार आम्ही दिला. मे महिन्यात काहीच दिलं नाही. देता येत नव्हतं हे खरं, पण पुरतं खरं नव्हे. बँकेत थोडं होतं, ते आपल्या घराला लागेल म्हणून राखलं होतं. पाच ऑक्टोबरपासून राज्यात निम्म्या खुर्च्यांवर हॉटेलं उघडायला परवानगी मिळाली आणि मी वही घेऊन फोनला बसले. "येतो की वहिनी." "परवा निघतो." "आईला बरं नाही, दिवाळी झाली की येतो." चौदातले चार आले. मेढ्याचा पोरगा, आमच्याकडं तीन वर्षं राहिलेला, तेवढा स्पष्ट बोलला. "वहिनी, मे महिन्यात मी सात वेळा फोन लावला. तुमचा लागत नव्हता." लागत होता. मी उचलत नव्हते.

पलीकडच्या लेनवाल्यानं म्हणे त्या तीन महिन्यांत माणशी दोन हजार गावाला पाठवले होते. फार नाहीत. पण ऑक्टोबरात त्याच्या हॉटेलात सगळी जुनी तोंडं होती आणि आमच्याकडं माझा नवरा वाढपी झाला होता. एका टेबलला डाळ तडका आणि पनीर कोल्हापुरी सांगितलं तर दोन डाळी घेऊन जायचा.

त्या रिकाम्या दिवसांत मी हजेरीच्या जुन्या वह्या काढल्या. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, एका कोपऱ्याला उंदरांनी खाल्लेल्या, मधूनमधून रश्श्याच्या डागांनी पारदर्शक झालेल्या. मी बी.कॉम. आहे, लग्नाआधी दोन वर्षं एका पतसंस्थेत खतावण्या लिहिल्या आहेत. एक कोरी वही घेऊन प्रत्येक माणसाची एक ओळ केली: कधी आला, कितीवर आला, कधी वाढ, कितीची, कधी गेला. अकरा वर्षांची ती यादी. आण्णा पलीकडं आरामखुर्चीत पेपर वाचत मधून विचारत होते, "काय जनगणना चाललीय?"

मला वाटलं होतं, जास्त पगाराची माणसं टिकलेली दिसतील आणि कमी पगाराची गेलेली. सरळ हिशेब. तसं थोडंफार दिसलंही. पण वही भरत आली तसा डोळ्यांना वेगळाच नमुना दिसायला लागला. 'कधी वाढ' या रकान्यात जिथं जिथं आकडा होता, त्याच्या शेजारी आण्णांच्या अक्षरात बहुतेक ठिकाणी एकच शेरा होता: 'जातो म्हणाला.' दहिवडी, मार्च, ५०० वाढ, जातो म्हणाला. म्हसवड, गणपतीच्या तोंडावर, ७००, जातो म्हणाला. मुख्य आचारी वस्ताद, दिवाळी, दोन हजार, जातो म्हणाला. जो कधी काही बोलला नाही, त्याच्या ओळीत चार चार वर्षं रकाना कोरा.

आमच्याकडं पगारवाढ मिळायची ती जाणाऱ्याला. राहणाऱ्याला नाही.

हे पोरांना आमच्याआधी कळलं होतं. मोरीपाशी भांडी घासताना, रात्री टेबलं जोडून त्यावर गाद्या टाकताना त्यांच्यात दुसरं बोलणं तरी काय होतं? कोण कितीवर आला, कुणाला किती वाढले. आपण पगार गुप्त ठेवला असं मालकाला वाटत असतं; आमच्या माळ्यावर झोपणाऱ्या आठ जणांना एकमेकांचा आकडा रुपयापर्यंत पाठ होता. आणि त्यांना हेही दिसत होतं, की दोन वर्षं राबलेला दहिवडी नऊ हजारांवर आहे आणि काल आलेला पोरगा साडेदहावर, कारण काल बाजारात भाव साडेदहा होता. नव्याला बाजारभाव आणि जुन्याला जुना भाव. मग दहिवडीनं शहाण्यासारखं काय करावं? पिशवी उचलावी, पलीकडच्या लेनला जावं, आणि तिथं 'नवा' व्हावं.

दहिवडीची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती माझ्या हातून घडली. तो २०१९ च्या श्रावणात पाचशे मागत होता. पाऊस चांगला होता, ठोसेघरच्या आणि कासच्या गाड्यांची गर्दी चालू होणार होती. मी गल्ल्यावर होते. म्हणाले, "सीझन जाऊ दे, मग बघू." हे वाक्य आमच्या धंद्यात पिढीजात आहे. तो अकरा सप्टेंबरला गेला. पुढच्या शनिवारी कासहून उतरलेल्या पुण्या-मुंबईच्या गाड्यांनी पार्किंग भरलं. हॉलमध्ये दोनच जाणती माणसं. दोन कुटुंबं पाणीसुद्धा न मिळता उठून गेली. माणसं पुरवणाऱ्याला कमिशन देऊन एक नवा पोरगा आणला, तोही दहिवडीपेक्षा हजारानं जास्त. त्यानं पहिल्या आठवड्यात नऊ काचेचे ग्लास, एक सूप बाउलचा सेट आणि एका बाईंच्या पैठणीचा पदर एवढं खराब केलं. ड्राय क्लीनिंगचे पैसे आम्ही दिले. हे सगळं मी त्या कोऱ्या वहीत एकाखाली एक मांडलं. उठून गेलेली गिऱ्हाइकं धरली नाहीत, तरी बेरीज दहिवडीच्या वर्षभराच्या पाचशे-पाचशेच्या पुढं गेली. पाचशे नाकारून मी सहा हजार वाचवले होते आणि ते वाचवायला सात हजारांवर घालवले होते.

वाढप्याचं असं, तर वस्तादाचं विचारूच नका. वस्ताद एकटा जात नाही. त्याच्याबरोबर त्याचा हेल्पर जातो, कधी तंदूरही, आणि रश्श्याची चव तर जातेच. चव गेल्याचं पहिल्यांदा कळतं ते ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरला. त्याला जेवण फुकट असतं, पण जीभ असतेच की. दोन-तीन रात्री तो काही बोलत नाही. चौथ्या रात्री त्याची बस पुढच्या हॉटेलासमोर उभी असते, चाळीस गिऱ्हाइकांसकट.

म्हणून वस्तादाला उचल द्यायची. आपल्या भागात उचल कुणाला समजावून सांगायला नको. उसाचा गळीत हंगाम जवळ आला की मुकादम टोळ्यांना उचल वाटत फिरतो आणि ती फिटेपर्यंत कोयता त्याचा. हॉटेलवाल्यांनी तीच रीत भट्टीपाशी आणली. पोरीचं लग्न, घराचा पत्रा, बोअरचं पाणी, असं काही निघालं की वस्ताद गल्ल्याशी येतो. साठ-सत्तर हजार द्यायचे आणि महिन्याला दोन हजार कापायचे. फिटत आली की पुन्हा द्यायची. "अंगावर उचल आहे तोवर वस्ताद हलत नाही," असं आण्णा मला सांगायचे, आणि त्यांचा चेहरा दाव्याला गाठ मारून आलेल्या माणसासारखा समाधानी असायचा.

आमचा वस्ताद, ज्याला सगळे मामा म्हणायचे, पंचावन्न हजारांची उचल अंगावर असताना गेला. एका नव्या हॉटेलचा मालक स्वतः आला, चहा घेतला, पंचावन्न हजार रोख टेबलावर ठेवले आणि आण्णांना म्हणाला, "तुमचं चुकतं केलं. मामांना नेतो." आण्णा नोटा मोजत बसले. मामा मागं उभे, हातात कालथा गुंडाळलेलं फडकं. उचलीनं मामा बांधलेले नव्हतेच. उचलीनं फक्त त्यांना न्यायचं असेल तर किती आणावे लागतील तो आकडा ठरवून दिला होता. आणि कर्ज काही फिटलं नाही. या वहीतून त्या वहीत गेलं. जाताना मामा माझ्याकडं बघून म्हणाले, "वहिनी, पगार वाढवला असता तर उचल कशाला मागितली असती?"

यावर मी आजही विचार करते. उचल देताना आम्ही उपकाराच्या सुरात द्यायचो. पण ज्याला घराचा पत्रा घालायला दर दोन वर्षांनी मालकापुढं उभं राहावं लागतं, त्याचा पगार पत्र्यापुरता नाही, एवढाच त्याचा अर्थ होता.

पैशांची एक गंमत तर आमच्या नजरेतूनच सुटली होती. बडीशेपेची ताटली. पूर्वी बिल झालं की वाढपी ताटलीत सुट्टे पैसे घेऊन जायचा; गिऱ्हाईक नोटा उचलायचं आणि दहा-वीस तसेच ठेवायचं. हायवेच्या हॉटेलात, सीझनला, चलाख पोरगा पगाराच्या निम्म्याएवढी टिप सहज करायचा. मग टेबलाटेबलावर क्यूआर कोड चिकटले. चारशे सदतीस रुपयांचं बिल लोक चारशे सदतीसच स्कॅन करतात. सुट्टे परत जातच नाहीत, तर ताटलीत उरणार काय? बडीशेप. कुणीही पोरांचा एक रुपया कापला नाही, वहीतला आकडा तोच राहिला, आणि त्यांची कमाई दोन-तीन वर्षांत घसरत गेली. आम्ही म्हणत राहिलो, हल्लीच्या पोरांना कामाची गोडी नाही.

हल्लीची पोरं, हा मोठा लाडका विषय. आण्णा स्वतः जावळी खोऱ्यातून बाराव्या वर्षी मुंबईला गेले, हॉटेलात पोऱ्या म्हणून, खाऊन-पिऊन महिना पंधरा रुपयांवर. फळकुटावर झोपले, कपबशी फुटली तर मार खाल्ला. ते सगळं ते अभिमानानं सांगतात. आता चौदाच्या आतलं मूल हॉटेलात, ढाब्यावर ठेवायला २००६ च्या ऑक्टोबरपासून बंदी आहे. आण्णांना ती बंदी मान्य आहे, पण तिच्याबद्दल बोलताना आपलं काहीतरी कमी झाल्यासारखा त्यांचा आवाज होतो. त्यांचे थोरले भाऊ त्याच मुंबईत मस्जिद बंदरला माथाडी होते. आपल्या पाटण-जावळीची किती घरं त्या पाठीवरच्या पोत्यांवर उभी राहिली! पण १९६९ चा माथाडी कायदा आला, अण्णासाहेब पाटलांची संघटना होती, बोर्ड झालं. मजुरी बोर्डात जमा व्हायची आणि तिथून कामगाराला मिळायची, भविष्यनिर्वाह निधीसकट. थोरले काका निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या हातात कागद होते. आण्णांनी हॉटेल काढलं तेव्हा त्यांच्याकडच्या माणसांच्या हातात साधी पावतीसुद्धा नव्हती. दोघं भाऊ एकाच खोऱ्यातले. एकदा जेवताना मी हे बोलले. आण्णा म्हणाले, "ते बाहेरच्यांकडं काम करत होते. आपल्याकडं माणसं घरच्यासारखी राहतात."

घरच्यासारखी. हा शब्द ऐकला की मला आता धसका बसतो. घरच्यासारखं म्हणजे सुट्टी लेखी नाही, तास मोजायचे नाहीत, हिशेब मागायचा नाही. सकाळी अकरा ते साडेतीन आणि संध्याकाळी साडेसहा ते बारा, मधले तीन तास 'विश्रांती', ज्यात कांदा सोलायचा. किमान वेतनाच्या कायद्यात, १९४८ च्या, हॉटेल धंदा येत होता. आपल्या राज्यात परिमंडळ बघून, कुशल-अर्धकुशल-अकुशल अशी दरांची पत्रकं निघतात आणि महागाईच्या निर्देशांकाप्रमाणं दर सहा महिन्यांनी विशेष भत्ता बदलतो. आमचा आकडा त्याच्या खाली असायचा. खाणं-राहणं धरलं की बरोबर होतो, असं आम्ही स्वतःची समजूत घालायचो. कॉलेजच्या पोरांना तर आम्ही त्याहून गोड शब्द शोधला होता. इथं साताऱ्यात कर्मवीरांचं 'कमवा आणि शिका' कुणाला ठाऊक नाही? माझे वडील त्यातूनच शिकले. संध्याकाळी वाढपी म्हणून येणाऱ्या पोराला कमी पैसे देताना हायवेचे मालक कर्मवीरांचं नाव घेतात. त्यातला 'कमवा' तेवढा सोयीनं गिळतात.

बाकी, सबंध हॉटेलात खरी घरच्यासारखी राहत होते ती मी. मला पगारच नव्हता.

त्या कोऱ्या वहीत शेवटी मी एक उद्योग केला. सगळ्या ओळी टिकण्याच्या क्रमानं लावल्या. सर्वांत जास्त टिकलेलं माणूस वर. माझा अंदाज होता की वर मामा येतील. वर आल्या भाकरीच्या मावशी. अकरा वर्षं. पगार सात हजार, सगळ्या वहीतला सर्वांत कमी. 'कधी वाढ' मध्ये अकरा वर्षांत तीन नोंदी, तिन्ही दिवाळीच्या, तिन्ही आण्णांना आपणहून आठवलेल्या.

मावशी कोरेगावच्या बाजूच्या एका गावातून दोन एसट्या बदलून येतात. रविवारी तीनशेच्या वर भाकरी थापतात, परातीवरून हात उचलत नाहीत. त्यांच्यापासून आठ फुटांवर तंदूर असतो, तो रोट्या लावतो, त्याला अठरा हजार. दोघंही पीठच भाजतात. समान कामाला बाईला समान मोबदला हा कायदा १९७६ पासूनचा; पण आमच्या डोक्यात तंदूर म्हणजे कारागिरी आणि भाकरी म्हणजे बाईमाणसाला येतेच की. खरं तर गिऱ्हाईक रोटीसाठी पुढचं हॉटेलही चालवून घेईल, भाकरीसाठी थांबतं ते आमच्याकडं. मावशींना रात्रपाळी करता येत नाही; शेवटची एसटी चुकली तर घर नाही. पिशवी घेऊन पलीकडच्या लेनला जाणं त्यांना जमणारं नव्हतं. 'जातो म्हणाला' हे त्यांच्या ओळीत कधी आलंच नसतं. म्हणून पगार वाढला नाही.

इतके दिवस माणूस टिकला म्हणजे आपलं बरं चाललंय, असं मी समजत होते. त्या यादीनं ते उलटं करून दाखवलं. काही माणसं पगारामुळं टिकतात, काही दार नाही म्हणून, आणि वहीत दोन्ही सारखीच दिसतात.

आण्णांशी बोलायला दोन महिने गेले. मी त्यांना अमेरिकेतल्या फोर्डची गोष्ट सांगितली, कॉलेजात शिकलेली. मोटारींचा कारखाना, १९१३ साली सुमारे चौदा हजार जागा भरलेल्या ठेवायला वर्षात बावन्न हजारांवर माणसं घ्यावी लागली, एवढी गळती. १९१४ च्या जानेवारीत त्यानं मजुरी एकदम दुपटीच्या वर, दिवसाला पाच डॉलर केली आणि गळती आटली. आण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. "त्याला मोटारी खपवायच्या होत्या. आपल्या वाढप्यानं आपलाच रस्सा विकत घ्यायचा का?" त्यावर मला हसू आलं, आणि त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. शिवाय फोर्डची माणसं कामगारांच्या घरी जाऊन कोण दारू पितो, कोण कसा राहतो ते बघायची आणि मगच पूर्ण पैसे लागू व्हायचे, हे मी आण्णांना मुद्दाम सांगितलं नाही. त्यांना ते फार आवडलं असतं.

शेवटी पटलं ते वहीमुळं. पैठणीचं ड्राय क्लीनिंग, फुटके ग्लास, कमिशन, मामांची पंचावन्न हजारांची सकाळ, सगळं एका पानावर. आण्णा आकड्याचा माणूस आहेत. पान दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "एक तारखेला पगार देऊन बघ. पळाले तर तुझ्या नावावर."

२०२१ च्या दिवाळीपासून आम्ही पगार एक तारखेला करतो. जानेवारी आणि जुलै, वर्षातून दोनदा, न मागता वाढ. थोडी असते, पण माहेरच्या महागाई भत्त्यासारखी येणार हे ठाऊक असतं. नव्याला जो भाव, त्याच्या खाली जुना ठेवायचा नाही. क्यूआरवर टिपचा वेगळा कोड लावला, तो फारसा चालला नाही. मग बिलामागं ठरावीक रक्कम आम्हीच पोरांच्या डब्यात टाकायला लागलो. थाळी दहा रुपयांनी महाग झाली. त्यावर दोन नेहमीची गिऱ्हाइकं कुरकुरली, बाकी कुणाच्या लक्षातही आलं नाही. विमा योजनेचा भाग मात्र मी आधीच करायला हवा होता. दहा किंवा जास्त माणसं असली की कर्मचारी राज्य विमा लागू होतो, पगारावर मालकाचे सव्वातीन टक्के आणि कामगाराचा पाऊण. मागं एका हेल्परच्या हातावर कढईचं तेल सांडलं होतं, तेव्हा आम्ही दवाखान्याचं बिल भरलं आणि ते त्याच्या उचलीत लिहिलं. हे लिहिताना मला लाज वाटते.

म्हणून सगळे टिकले का? नाही. मोरीवर अजून माणूस ठरत नाही; दिवसभर पाण्यात हात घालून उभं राहायचं कितीही पैसे दिले तरी चार-सहा महिन्यांवर कुणाला होत नाही, आणि मला वाटतं होऊही नये, तिथं पाळीच बदलती हवी. तंदूर छठपूजेला गावी गेला की परत येईल तेव्हा खरा. म्हसवडचा पोरगा पोलीस भरतीच्या मागं आहे. पहाटे साडेचारला अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला पळायला जायचं, तर रात्री साडेबाराला शटर ओढून कसं चालेल? त्याला मी दोन हजार वाढवते म्हणाले. तो म्हणाला, "वहिनी, पैशाचं न्हाई. झोपंचं हाय." आता तो फक्त दुपारची पाळी करतो, निम्म्या पगारात, आणि निवड झाली की जाणार. जाऊ दे. पोवई नाक्यावर खाकीत उभा दिसला तर मान खाली घालायचं कारण दोघांनाही नसेल. मेढा मात्र परत आला, दीड वर्षानं. मे महिन्याचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. मी काढला, आणि त्या महिन्याचे पैसे दिले. त्यानं मोजून घेतले. नको-बिको म्हणाला नाही, ते मला फार बरं वाटलं.

पहिल्या एक तारखेची एक गोष्ट राहिली. त्या दुपारी मावशींना गल्ल्यापाशी बोलावलं. हाताला पीठ तसंच होतं, पदराला पुसत आल्या. पाकीट दिलं. त्यांनी तिथंच उघडलं, नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या. अकरा हजार. चेहरा एकदम उतरला.

"काय वो वहिनी, कुणी सांगितलं तुमाला?"

"काय सांगितलं?"

"म्या जाणार हाय म्हणून. न्हाई वो. म्या कुठं बी चालले न्हाई."